माहेरच्या दोन तारा

भागम्माची आई ज्या घरी माहेरपणाला येई, तेच घर भागम्माचं सासर होतं. तिला तिच्या सख्ख्या मामाला दिली होती. लिंगायत घरांत ही गोष्ट नवी नव्हती. पालमला त्यांच्या गल्लीतच अशी आणखी चार लग्नं होती. मुलगी परकी होत नाही, माणसं ओळखीची असतात, हे फायदे सगळे सांगत. तोटा फक्त त्या मुलीला ठाऊक असे. सासूशी बिनसलं तर गाऱ्हाणं न्यायला दुसरं दार नसे. भागम्मानं लग्नानंतर एकदाच आईकडे सासूची, शांतम्माची तक्रार केली. आई म्हणाली, "अगं, माझी आई हाय ती. मला लहानाचं मोठं तिनंच केलं. तिला काय कळत न्हाई व्हय?" त्यानंतर भागम्मानं तक्रार केली नाही.

नवरा सांबप्पा परभणीत एका जिनिंगमध्ये मिस्त्री होता. सरकी काढायची यंत्रं दिवाळीला सुरू होत आणि होळीला बंद पडत. तेवढे चार-साडेचार महिने दोघं परभणीत एका भाड्याच्या खोलीत राहत. तिथं भागम्मा आपल्या चुलीवर, आपल्याला वाटेल तेव्हा, आपल्याला वाटेल तेवढं मीठ घालून स्वयंपाक करी. होळी झाली की भांडी पोत्यात भरून पालम. पालमला अकरा माणसं, एक चूल आणि चुलीसमोर शांतम्मा. सांबप्पा उरलेलं वर्ष नांदेड-हैदराबादकडे तेलाची इंजिनं दुरुस्त करत फिरे. भागम्मा सव्वीस वर्षांची होती, मूल नव्हतं, आणि तो विषय त्या चुलीपाशी रोज एकदा निघे. बाराही महिने परभणीत राहायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. ते कुणाकडे मागायचं, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

निजामाच्या १३४६ फसलीच्या, म्हणजे १९३६ सालच्या कार्तिकात देवडीचा कारभारी किशनराव सांबप्पाला शोधत जिनिंगमध्ये आला.

देवडी म्हणजे एका लहान जागीरदाराचं घर. थोरले जागीरदार वारून पाच वर्षं झाली होती. त्यांची धाकटी बेगम जनान्यात राही, आणि बाकीचं घर सावत्र मुलाच्या हातात होतं. त्याला सगळे मियाँ म्हणत. बेगमला दर जुम्म्याला गावातच राहणाऱ्या बहिणीकडे जायचं असे. पडद्याचा टांगा एकच होता, आणि तो जुम्म्याला हटकून मियाँच्या कामावर निघालेला असे. बेगमच्या स्वतःच्या मालकीची एक वस्तू मात्र जनान्याच्या अंगणात पडून होती: लग्नात मिळालेली, पडदे लावलेली दोन माणसांची विजेची मोटार. तिला पेट्रोल लागत नव्हतं, ती धूर सोडत नव्हती, बॅटरीवर चालायची. वीस-बावीस वर्षांपूर्वी हैदराबादेहून रेल्वेनं आली, चार-पाच वर्षं चालली आणि उभी राहिली ती राहिली. थोरले गेल्यावर मियाँनी जनान्याची कमान विटांनी बुजवून माणसापुरतं दार ठेवलं, त्यामुळे मोटार आता बाहेर काढायचीही सोय नव्हती.

"होळीच्या आत गाडी आपल्या चाकांनी त्या भिंतीपर्यंत आली, तर मियाँ भिंत पाडून देणार," किशनराव म्हणाला. "न् गाडी सांभाळायला मिस्त्री बारमाही. फाटकाजवळ दोन खोल्या हायेत, त्या ऱ्हायला."

"न्हाई आली तर?"

"तर मियाँला हसायला मिळंल. त्याच्यासाठीच हो मनलेत ते."

"बघतो येऊन."

"बघता येणार न्हाई ना मिस्त्री. जनाना हाय तो. मर्दाला पाय ठेवता येत न्हाई."

"मंग काय टाळी वाजवून बोलवू गाडीला?" सांबप्पा म्हणाला.

संध्याकाळी त्यानं ही गोष्ट गंमत म्हणून घरी सांगितली. भागम्मा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "खोल्यांना धुराडं हाय का?"

"अगं गाडीचं इचार की."

"गाडीचं तुमी सांगा. मी करते."

अशी ती कामाला लागली. सकाळी घरचं आवरून, आपलं पाणी आपल्या तांब्यात घेऊन ती देवडीत जाई, कारण तिथलं पाणी तिला चालत नव्हतं. बेगमनं पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि पुन्हा कधी पाणी विचारलं नाही. पान मात्र विचारी, आणि पान भागम्मा घेई. त्या लहान दाराला तरटाचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडे सांबप्पा एका पालथ्या डब्यावर बसे, पलीकडे भागम्मा. जिनिंगची दुपारची पाळी सुरू होईपर्यंत तो तिथून सांगे आणि ती करी.

मोटारीत कोंबड्या राहत होत्या. गादीतलं घोड्याचं केस उंदरांनी एका कोपऱ्यात गोळा केलं होतं. टायर भरीव रबराचे होते, भेगाळले होते, पण अजून गोल होते. वळवायला चक्राऐवजी नांगराच्या रुमण्यासारखा एक वाकडा दांडा होता. त्याच्या बाजूला एक लहान खटका: पुढं ढकलला की तीन टप्प्यांनी वेग वाढायचा, मागं ओढला की गाडी एका संथ चालीनं मागं यायची. हे बेगमनं सांगितलं. ती कधी चालवायला बसली नव्हती, शेजारी बसून पाहिलं होतं.

"ये मुर्ग्याँ पहले निकालो मिस्त्रीन," बेगम म्हणाली. "मेरे से ज्यादा तो इनोंच बैठे इसमें."

भागम्मानं कोंबड्या काढल्या. गादी उसवून रिठ्याच्या पाण्यात धुतली. पितळेचे दिवे चिंचेनं घासले. हे सगळं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. अडचण आली ती पुढं, कारण सांबप्पाला जे विचारायचं असे ते त्याच्या शब्दांत असे आणि भागम्माला जे दिसे ते तिच्या शब्दांत.

"खटक्याखालच्या पट्टीचा रंग कसा हाय?"

"तांब्याचा."

"समदा?"

"मधी काळं. चुलीमागच्या भितीवानी."

"किती जाड?"

"साईवानी."

"दुधाची का दह्याची?" सांबप्पा वैतागून विचारी. त्यावर ती खरंच बोट लावून बघे आणि म्हणे, "दह्याची."

बॅटरीचे वीस डबे होते. दोन दासींनी ते एकेक करून दारापर्यंत आणले, आणि बैलगाडीतून ते जिनिंगमध्ये गेले. तिथं डायनामो होता. सांबप्पानं डबे उघडले, कुजलेल्या शिशाच्या पाट्या हैदराबादेहून मागवलेल्या नव्या पाट्यांनी बदलल्या. बॅटरीच्या तेजाबात घालायला वाफ धरून केलेलं शुद्ध पाणी लागे. त्यासाठी तो अत्ताराकडे गेला, कारण गावात भट्टी त्याच्याकडेच होती.

"अर्क कशाचा काढू? गुलाब, केवडा, सोंफ?" अत्तारानं विचारलं.

"पान्याचा."

"पानी का अर्क?" अत्तार दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला. "किसकू पिलाते मिस्त्री? दुश्मन कू?"

डबे भरून, तयार होऊन परत आले ते माघ महिन्यात. आता ते मोटारीत बसवून एकमेकांना जोडायचे होते. प्रत्येक डब्याला दोन टोकं. एकाचं चुकीचं टोक दुसऱ्याला लागलं तर तीन महिन्यांची मेहनत वाया. अधिक, उणे, करंट यांपैकी काहीही सांगून उपयोग नव्हता. सांबप्पानं डोकं खाजवलं आणि पडद्यातून म्हणाला, "हे बघ. लाल टोक मंजे माहेर. काळं टोक मंजे सासर. एकीचं सासर ते दुसरीचं माहेर, असं लावत जा. ध्यानात आलं?"

"आलं."

"सांग बरं."

"मी हितं नांदायला आले, ते घर तुमच्या बहिनीचं माहेर. असंच ना?"

"आगं बस! तसंच."

वीसच्या वीस डबे तिनं बरोबर जोडले. सांबप्पानं दासीकडून दिव्याचा एक गोळा आत पाठवून तपासायला सांगितलं, गोळा लागला. किशनरावानंही पडद्याबाहेरून वाहवा केली. ते शब्द मग दोघांना इतके सोयीचे झाले की चालवणाऱ्या मोटरला हात घालतानाही त्यांनी तेच वापरले.

मोटर गाडीच्या पोटाखाली होती. ती उघडून आतल्या तांब्याच्या पट्ट्या काचकागदानं घासायच्या, त्यांच्या फटींतली काजळी दाभणानं काढायची आणि पुन्हा बसवायची.

"तिथं चार तारा येत्यात," सांबप्पा म्हणाला. "दोन ब्रशाच्या, दोन गुंडाळीच्या. सोडायच्या आदुगर खुणंच्या चिंध्या बांध. माहेरच्या तारंला लाल, सासरच्या तारंला काळी. परत लावताना जिथली तिथं."

ब्रशाच्या तारांचं जमलं. एकीवर जुना लाल रंग थोडा उरला होता. गुंडाळीच्या तारा दोन्ही सारख्याच काळवंडलेल्या.

"अवो, ह्या दोघी एकाच घरातनं निघाल्यात."

"मंग?"

"मंग माहेर कोंचं न् सासर कोंचं?"

सांबप्पा मोठ्यानं हसला. "तुझ्यावानीच की गं! सासर बी तेच न् माहेर बी तेच."

किशनरावही हसला. भागम्मा हसली नाही. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटलं. तिनं दोन्ही तारांना लाल चिंध्या बांधल्या. पट्ट्या घासून, फटी साफ करून, एरंडेलाचे चार थेंब घालून चार दिवसांनी तिनं मोटर बंद केली, तेव्हा हातात दोन लाल चिंध्यांच्या तारा होत्या आणि दोन जागा होत्या. तिनं एक इथं लावली, एक तिथं.

होळीला सहा दिवस असताना बेगम गाडीत बसली. वाकडा दांडा तिच्या हातात, खटका भागम्माच्या हातात. दासी ओसरीवर उभ्या होत्या. पडद्याबाहेर सांबप्पा होता.

"अल्ला का नाम लेके चलाव," बेगम म्हणाली.

भागम्मानं खटका एक टप्पा पुढं ढकलला. दुसऱ्या घरात जातं फिरावं तसा आवाज आला आणि गाडी हलली. हलली ती मागं. कोंबड्यांच्या नव्या खुराड्याला तिनं धक्का दिला, आणि भागम्मानं खटका मध्ये आणला.

"मिस्त्रीन, ये तो पिच्छे जा री!"

दोन लाल चिंध्या भागम्माच्या डोळ्यांपुढं आल्या. तिनं खटका मागं ओढून पाहिला. गाडी पुढं निघाली, बैलाच्या चालीनं, एकसारखी. पेरूच्या झाडाला वळसा घालून बेगमनं ती बुजवलेल्या कमानीपर्यंत आणली आणि पायाखालची घंटा दाबली. भिंतीपलीकडे सांबप्पा इतक्या घाईनं उठला की डबा कलंडल्याचा आवाज आत आला.

"आली का?"

"आली," भागम्मा म्हणाली. आणि हळू आवाजात बेगमला, "दोन तारा उलट्या लागल्यात बेगमसाब. उद्या बदलते."

"बदलो, नै तो ऱ्हन दो. मेरे कू बहन के घर जानाय, रेस नै लगाना."

दुसऱ्या दिवशी गवंडी भिंतीला लागले. पडदा अजून होता, कारण बेगम अंगणात होती. भागम्मा पेचकस आणि पाना घेऊन गाडीखाली शिरली. दोन बोल्ट निघाले होते, तेव्हा बाहेर किशनरावाचा आवाज आला. तो सांबप्पाशी बोलत होता.

"मियाँ मनत्यात, इंजिन न्हाई, दाना न्हाई, मंग बारमाही मिस्त्री कशाला? आपला भुजंग टांगेवाला हाय की. तो गाडी फाटकाशी आनून लावंल न् परत नेऊन ठेवंल. डबे जिनिंगमधी न्यायला बैलगाडी हाय. काई मोडलं तर बोलवू तुमाला."

"न् खोल्या?"

"खोल्यांत भुजंगाचा कडबा टाकायचा मनत्यात. तुमी काय, होळीला जाताच की गावाकडं."

"बरं," सांबप्पा म्हणाला. तो भांडणारा माणूस नव्हता. इंजिनाशी तासभर झगडे, माणसाशी दोन वाक्यांत थांबे.

भागम्मा गाडीखाली तशीच पडून राहिली. वर गवंड्यांच्या हातोड्या चालू होत्या. मग तिनं दोन्ही बोल्ट परत बसवले, हात पुसले आणि घरी जाऊन पिठलं लावलं. सांबप्पानं खोल्यांची बातमी सांगितली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ऐकली."

भिंत पडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बेगम चिकाच्या पडद्याआड गेली आणि अंगणात पुरुष आले: किशनराव, सांबप्पा, भुजंग, देवडीचे चार-दोन गडी. मियाँ गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. भुजंगनं पटका नीट केला आणि गाडीत चढला. लगाम नाही म्हटल्यावर त्याला हात कुठं ठेवावेत कळेना.

"आरं, तोंड कुनीकडं हाय हिचं?" त्यानं विचारलं.

"तू बसलास तिकडं," किशनराव म्हणाला. "खटका फुडं ढकल. फुडं मंजे फुडं. काय अवघड हाय त्यात?"

भुजंगनं ढकलला, आणि घोड्याला टाच मारावी तसा एकदम तिसऱ्या टप्प्यापर्यंत. गाडी भरधाव मागं गेली. समोर फाटक लांब जाताना बघून भुजंगनं आणखी जोरात पुढं ढकललं. पेरू चुकला, खुराडं मोडलं, आणि भिंतीच्या रचून ठेवलेल्या विटांत मागचं चाक चढून गाडी थांबली. खटका मध्ये आणायला भागम्मा धावली. भुजंग तोवर उडी मारून उतरला होता.

"मी न्हाई बसत!" तो म्हणाला. "आमचा घोडा खोडकर हाय, पर तो मागं पळत न्हाई."

गच्चीवर मियाँ हसले. किशनरावानं सांबप्पाकडं पाहिलं. सांबप्पा गाडीत बसला, गड्यांनी ती विटांवरून खाली ढकलली, आणि त्यानं खटका एक टप्पा पुढं केला. गाडी वीतभर मागं गेली. त्यानं लगेच थांबवली. त्याचा चेहरा पालटला. काय झालंय ते त्याला कळलं होतं, आणि कळल्याबरोबर सांगायची त्याला सवय होती.

"हात्तिच्या," तो म्हणाला, "ह्याच्या दोन—"

"अवो, उतरा तुमी," भागम्मा म्हणाली. इतक्या पुरुषांत ती मोठ्यानं बोलली म्हणून सगळे तिच्याकडं वळले. "तिला माझ्याच हाताची सवय हाय."

सांबप्पानं तिच्याकडं पाहिलं आणि उतरला. भागम्मानं पदर डोक्यावरून घेतला, गाडीत बसली, पदराआडच्या हातानं खटका मागं ओढला. गाडी पडलेल्या कमानीतून, विटांच्या चुऱ्यावरून, बैलाच्या चालीनं फाटकापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली.

चिकाआडून दासी निरोप घेऊन आली. "बेगमसाब बोलतीं, गाडी मिस्त्रीन कू पहचानती. दुसरा कोई बैठिंगा तो मैं नै बैठती."

गाडी सगळ्यांसमोर फाटकापर्यंत आली होती आणि भुजंग पुन्हा बसायला तयार नव्हता; मियाँ खुर्चीवरून उठून आत गेले. किशनराव त्यांच्या मागं गेला आणि थोड्या वेळानं खोल्यांची किल्ली घेऊन आला.

"कडबा?" सांबप्पानं विचारलं.

"कडबा बाहीर ऱ्हाईल," किशनराव म्हणाला.

होळीच्या आदल्या दिवशी ते देवडीच्या खोल्यांत आले. धुराडं नव्हतं. भागम्मानं मागच्या भिंतीतली एक वीट काढून धुराला वाट केली, माती कालवून चूल घातली आणि ती वाळायला ठेवली. सांबप्पा पेचकस घेऊन उंबऱ्यात आला.

"चल, उघडू मोटर. दोन तारा बदलायच्या, पाव तासाचं काम हाय."

"असू द्या."

"असू द्या कसं? मानसं काय मनतील, सांबप्पा मिस्त्रीनं नीट केलेली गाडी उलटी चालती."

"तुमी कुठं केली?"

सांबप्पानं हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. रागावण्यासारखं तिनं काही म्हटलं नव्हतं, आणि खोडून काढण्यासारखंही नव्हतं.

"तीन टप्प्यांची गाडी एका टप्प्यानं चालायली," तो म्हणाला. "जीव तुटतो गं बघून."

"बेगमला तेवढं पुरतं. तारा नीट झाल्या की उद्या भुजंग बसतो तिच्यात, न् परवा आपन पालमच्या गाडीत."

सांबप्पानं पेचकस कोनाड्यात ठेवला. जेवताना भाकरी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर त्यानं पेटीतून एक कार्ड काढलं, पेन्सिल जिभेला लावली आणि मांडी घालून बसला. होळीला येत नाही, हे पालमला कळवणं भाग होतं. आईला साष्टांग नमस्कार, होळीला माहेरी आलेल्या बहिणीला नमस्कार, इकडे सर्व खुशाल, एवढं लिहून तो थांबला.

"कारन काय लिहू?"

"लिहा, गाडीचं काम सरलं न्हाई."

त्यानं लिहिलं. "कधी सरंल मनून इचारतील."

"इचारू द्या." भागम्मा चुलीच्या कडा ओल्या हातानं गुळगुळीत करत होती. "न् खाली लिहा, माझी परात पाठवून द्या. लग्नातली."

सांबप्पानं पेन्सिल वर उचलली. पालमच्या घरात त्या परातीत गेली दहा वर्षं अकरा माणसांचं पीठ मळलं जात होतं. सून होळीला येत नाही, हे एक वेळ चाललं असतं. परात परत मागितली की चूल वेगळी होते, येणं-जाणंच संपतं, हे त्याला कळत होतं.

"परात राहू दे ना. हितं घेऊ की दुसरी बाजारातनं."

"माझी हाय ती."

"आई काय मनंल?"

"तुमची आई न् माझी आई मिळून काय मनायचं ते मनतील. दोघी एकाच ठिकानी हायेत, वेगळं कार्ड लागत न्हाई. तुमी लिहा."

कार्डावर जागा थोडीच उरली होती. सांबप्पानं ते आडवं फिरवलं आणि कडेला बारीक अक्षरात लिहू लागला. 'परात' लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यानं विळी मागितली, टोक काढलं, आणि तो शब्द पुन्हा वरून गिरवला.